तिशी उलटलेला वाइड रिसीव्हर टाळावाच का?

दरवर्षी ऑगस्ट उजाडला, की अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, फँटसी लीगसाठी (खऱ्या खेळाडूंचा आपला काल्पनिक संघ बांधून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवण्याच्या स्पर्धेसाठी) खेळाडू निवडणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरू लागतो: तिशी उलटलेला वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू पुढे धावून झेलणारा खेळाडू, संघात घेऊ नका. त्याला जोडून चार कारणे सांगितली जातात. तिशीनंतर कामगिरी कोसळते, आदल्या हंगामाच्या आकड्यांत उतरण दिसतच असते, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक बदलला की जुन्या खेळाडूचे काही खरे नसते, आणि दुखापती पाठ सोडत नाहीत. अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आणि सहकाऱ्यांच्या आग्रहाने अशा लीगमध्ये पहिल्यांदा उतरलेल्या मराठी मंडळींना हा सल्ला लगेच पटतो, कारण खेळाचे बारकावे परिचयाचे नसताना वय तेवढे चटकन कळते. हा सल्ला मला चुकीचा वाटतो, आणि त्याच्या भरवशावर संघ बांधणाऱ्यांचे खरोखर नुकसान होते, म्हणून त्यातील प्रत्येक कारण तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले कारण सरासरीवर उभे आहे. तिशीनंतरच्या रिसीव्हरांची सरासरी खाली जाते हे खरेच आहे. पण त्या सरासरीत संघातील मुख्य जागा गमावलेले खेळाडूही असतात आणि ती टिकवून असलेलेही असतात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे फेरीफेरीने खेळाडू निवडताना, आपण सरासरी निवडत नाही, एक विशिष्ट खेळाडू निवडतो, आणि त्याची जागा शाबूत आहे की नाही हे हंगामापूर्वी बऱ्याच अंशी कळू शकते. अॅरिझोना कार्डिनल्सच्या लॅरी फिट्झजेराल्डने 2014 मध्ये 63 झेल, 784 यार्ड (झेलांतून पुढे गेलेले अंतर) आणि अवघे 2 टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीतील शेवटच्या पट्ट्यात नेणे) एवढीच मजल मारली होती. बत्तिसाव्या वर्षी, 2015 मध्ये, त्याच खेळाडूने 109 झेल, 1,215 यार्ड आणि 9 टचडाउन केले. मधल्या काळात तो तरुण झाला नव्हता. प्रशिक्षक ब्रूस एरियन्स यांनी त्याला मैदानाच्या कडेवरून आत, म्हणजे स्लॉटमध्ये, खेळवण्याची पद्धत पक्की केली होती, आणि गुडघ्याच्या दुखापतीतून सावरलेला क्वार्टरबॅक कार्सन पामर परतला होता. पुढल्या वर्षी, तेहतिसाव्या वर्षी, 107 झेलांसह फिट्झजेराल्ड लीगमध्ये पहिला आला. स्लॉटमधल्या रिसीव्हरला निव्वळ वेगापेक्षा बचावातली मोकळी जागा ओळखण्याची जाण आणि खात्रीचे हात अधिक उपयोगी पडतात, आणि ही जाण वयाबरोबर वाढत जाते.

दुसरे कारण, म्हणजे आदल्या हंगामातील उतरण, मला सर्वांत फसवे वाटते, आणि टँपा बे बकनिअर्सचा माइक एव्हन्स हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. 21 ऑगस्ट 2023 रोजी, नेमका ड्राफ्टच्या दिवसांत, एव्हन्स तीस वर्षांचा झाला. 2021 मध्ये त्याने 74 झेलांवर 1,035 यार्ड आणि 14 टचडाउन केले होते. 2022 मध्ये 77 झेल, 1,124 यार्ड आणि फक्त 6 टचडाउन. प्रत्येक झेलाला 1, दर 10 यार्डांना 1 आणि टचडाउनला 6 गुण देणाऱ्या प्रचलित पद्धतीने मोजल्यास त्याचे गुण सुमारे 261 वरून 225 वर आले, आणि यालाच सारे उतरण म्हणू लागले. परंतु 8 टचडाउन कमी झाल्याने 48 गुण गेले असताना एकूण घट केवळ 36 गुणांची आहे; म्हणजे झेल आणि यार्ड यांत तो पुढेच गेला होता. त्याच्या दिशेने फेकलेले चेंडू, ज्यांना टार्गेट म्हणतात, 114 वरून 127 झाले होते, तेही एक सामना कमी खेळून. टचडाउनचे प्रमाण वर्षागणिक खालीवर होते. टार्गेट मात्र संघाचा खेळाडूवरील विश्वास दाखवतात. म्हणून आदल्या वर्षाचा हिशेब मांडताना गुण कमी झाले का, यापेक्षा कोणते गुण कमी झाले हे पाहिले पाहिजे. 2023 मध्ये एव्हन्सने 79 झेल, 1,255 यार्ड आणि 13 टचडाउन केले, आणि टचडाउनमध्ये तो टायरीक हिलच्या बरोबरीने लीगमध्ये अव्वल ठरला.

तिसऱ्या, म्हणजे क्वार्टरबॅक बदलण्याच्या, कारणासाठीही हेच उदाहरण पुरेसे आहे. टँपा बेचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी एका वर्षाच्या करारावर बेकर मेफील्ड आला होता, त्यामुळे एव्हन्स संपला असे ठामपणे सांगितले जात होते. वस्तुतः जेमिस विन्स्टन असो, रायन फिट्झपॅट्रिक असो वा ब्रेडी, एव्हन्सने 2014 पासून एकाही हंगामात हजार यार्डांची पातळी सोडली नव्हती. दुबळ्या संघाचे म्हणाल, तर 2023 मध्ये कॅरोलायना पँथर्सने 17 पैकी केवळ 2 सामने जिंकले, तरी नवख्या क्वार्टरबॅक ब्राइस यंगच्या साथीने तेहतीस वर्षांच्या अॅडम थिलनने 103 झेल आणि 1,014 यार्ड मिळवले. त्यातील बराचसा वाटा हंगामाच्या पूर्वार्धातला होता, हेही इथे सांगितले पाहिजे.

दुखापतीचे चौथे कारण मात्र मी झटकून टाकणार नाही. रिसीव्हर ज्युलिओ जोन्स 2020 मध्ये मांडीमागच्या स्नायूच्या दुखण्याने केवळ 9 सामने खेळला. तरी 2021 मध्ये टेनेसीच्या संघाकडे गेल्यावर अनेकांनी त्याच्या नावावर भरवसा ठेवला, आणि त्याने 10 सामन्यांत 434 यार्ड व 1 टचडाउन एवढेच केले. मात्र तिथेही सावध करणारी खूण वयाची नव्हती, तोच स्नायू पुन्हापुन्हा दुखावत होता ही होती. शिवाय चुकलेले सामने आणि खेळलेल्या सामन्यांतील कामगिरी यांची गल्लत करू नये. 2024 मध्ये एव्हन्स 3 सामन्यांना मुकला, पण उरलेल्या 14 सामन्यांत त्याची सरासरी सुमारे 17.2 गुणांची होती, म्हणजे 2023 च्या 16.6 पेक्षाही सरस. एकतीस वर्षांच्या कीनन अॅलनने 2023 मध्ये 13 सामन्यांत 108 झेल घेतले. तो नसलेल्या आठवड्यांत राखीव खेळाडू उतरवूनही त्याचा मालक, म्हणजे त्याला आपल्या फँटसी संघात घेणारा, तोट्यात राहत नव्हता.

2025 मध्ये एव्हन्स पुन्हा मांडीच्या स्नायूने आणि मग गळपट्टीचे हाड मोडल्याने केवळ 8 सामने खेळला आणि त्याची हजार यार्डांची परंपरा 11 हंगामांवर थांबली, याचा दाखला आता हा सल्ला देणारे देतात. त्याच हंगामात त्याच्याहून काही महिन्यांनी मोठा असलेला डेव्हॅन्टे अॅडम्स रॅम्स संघाकडून 14 टचडाउन करून लीगमध्ये पहिला आला, हे ते सांगत नाहीत. आणि एव्हन्सच्या बाबतीतही दोन वर्षांत त्याची किंमत बदलली होती, याचाही उल्लेख होत नाही. 2023 मध्ये तो मधल्या फेऱ्यांपर्यंत उपलब्ध असे, आणि ज्यांनी त्याला घेतले त्यांच्याकडे आधीच्या फेऱ्यांत निवडलेले रिसीव्हर होते. तो अपयशी ठरला असता तरी त्यांचा संघ उभा राहिला असता. 2025 मध्ये, दोन उत्तम हंगामांनंतर, तोच एव्हन्स बऱ्याच वरच्या फेरीत घ्यावा लागला, आणि सातव्या आठवड्यात तो जायबंदी झाला तेव्हा त्याच्या मालकांकडे तेवढ्याच तोलाचा दुसरा रिसीव्हर नव्हता.