पिंजरे लावून काय साधणार?

कायोटींवरचा (हा उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) लेख चांगला आहे, पण उपनगरातले कायोटी पिंजरे लावून संपवावेत हा शेवटचा सल्ला पटला नाही. मी शिकागोच्या उपनगरात राहते. इथे कुक काउंटीत वन्यजीव संशोधक स्टॅन्ली गेर्ट यांचा गट २००० सालापासून कायोटींना रेडिओ पट्टे लावून अभ्यास करतोय. एक जोडी मारली की तिची हद्द रिकामी राहत नाही, एकटे भटकणारे कायोटी येऊन ती बळकावतात. मग दरवर्षी पिंजरे लावत बसायचं? तेही आपल्याच टॅक्समधून!

आणि ते खातात काय? त्याच अभ्यासात विष्ठेच्या नमुन्यांत सर्वाधिक सापडले उंदरांसारखे छोटे प्राणी, मग फळं, हरीण, ससे. मांजर दीड टक्क्यापेक्षाही कमी नमुन्यांत.

खरी गोम आपल्या अंगणात आहे. बर्ड फीडरखाली सांडलेले दाणे, त्यावर येणारे उंदीर, बाहेर राहिलेलं कुत्र्याचं खाणं. आमच्याकडे काही जण तर ‘बिचारा उपाशी असेल’ म्हणून चिकन टाकतात. मुक्या जिवाला घास घालणं पुण्याचं खरं, पण असा सोकावलेला कायोटी धीट होतो आणि शेवटी गोळी त्यालाच बसते.

वसंतात पिल्लं असतात तेव्हा कुत्र्याची दोरी आखूड ठेवा. कायोटी मागोमाग आला तर बहुधा तो तुम्हाला बिळापासून दूर घालवत असतो. पळू नका, त्याच्याकडे बघत सावकाश मागे सरा. एरवी अंगणात दिसला तर मात्र खुशाल भांडी वाजवा, ओरडा. शेजारी हसतील, हसू देत.