काका, ‘खिचडी’ म्हणालात म्हणून

नमस्कार काका,

टास्क, टायमर, नोंदी, कोडचे तुकडे आणि कमिट (कोडमध्ये केलेला आणि साठवलेला एकेक बदल) असं सगळं एका ॲपमध्ये कोंबून आम्ही हॅकेथॉनमध्ये, म्हणजे सलग बसून ॲप बनवण्याच्या स्पर्धेत, ‘खिचडी’ शिजवली; युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं ‘एक प्रोग्रॅम, एक काम’ हे तत्त्व आमच्या पिढीला ठाऊक नाही; टायमर तर दहा ओळींचा; आणि बेळगावात बसून ॲप करायचंच तर उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी करा, असं तुम्ही लिहिलंय. टिळकवाडीतल्या जुन्या प्रोग्रॅमरनं एवढं मनावर घेतलंय तर नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून सुटणं बरं दिसत नाही.

आधी युनिक्स. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, डग मॅकइलरॉय यांनी 1978 साली ते तत्त्व लिहिलं, तेव्हा लगोलग दुसरंही सांगितलं होतं: तुमच्या प्रोग्रॅमचं आउटपुट उद्या दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमचं इनपुट होणार आहे, असं धरून चाला. 1973 मध्ये पाइप (एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्यात सोडणारी सोय) आला म्हणून तर ते छोटे प्रोग्रॅम एकमेकांच्या उपयोगी पडले. आज आमची टास्कची यादी एका वेबसाइटवर, टायमर फोनमध्ये, नोंदी तिसरीकडे. प्रत्येक जण आपापलं एकच काम चोख करतोय, पण मधला पाइप कुठाय? मंगळवारी एका बगवर, म्हणजे कोडमधल्या चुकीवर, किती वेळ गेला आणि त्यातून कुठले कमिट निघाले, हे यातलं कुणीच सांगू शकत नाही. आमच्या ॲपचा जीव म्हणजे एक तक्ता: टास्कचा क्रमांक, सुरुवात, शेवट, ब्रँच (कोडची वेगळी काढलेली शाखा), कमिट. पडद्यावरचं बाकी सगळं त्या तक्त्याकडे बघण्याच्या खिडक्या.

कमिट गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटच्या एपीआयवरून (प्रोग्रॅमनी माहिती मागायची खिडकी) आणायचे, हा पहिला विचार. पण लॉगिनशिवाय एका आयपी पत्त्याला तासाला 60 विनंत्याच मिळतात, आणि हॉलमधली सगळी पोरं एकाच वायफायवर! टोकन (पासवर्डसारखी खासगी किल्ली) वापरलं तर मर्यादा 5,000 होते, पण प्रत्येकानं आपलं टोकन आणून चिकटवायचं. शिवाय जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात नेटचा काय भरवसा असतो, ते तुम्हाला मी काय सांगू. म्हणून कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिट या प्रोग्रॅमचाच पोस्ट-कमिट हूक, म्हणजे कमिट झाला की आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, धरला. कमिट लॅपटॉपवरच होतो, हूक तिथल्या तिथं चालतो, नेट लागतच नाही. आमचा पडदा ब्राउझरमध्ये, पण ब्राउझरच्या आतल्या साठ्यात हूकला थेट लिहिता येत नाही, त्यामुळे लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच लॅपटॉपवर, एक छोटा सर्व्हर आणि मागे एसक्यूलाइट या डेटाबेसची एक फाइल. ती फाइल तुम्ही टर्मिनलवरून वाचा, आमचा पडदा फेकून द्या, चालतंय की! तुम्हाला हवं होतं ते युनिक्स तिथं आहे.

आता दहा ओळींचा टायमर. दर सेकंदाला एक वजा करणारे पोमोडोरो टायमर (पंचवीस मिनिटं काम, मग सुट्टी, अशा पद्धतीचे) ढिगानं सापडतात. टॅब समोर असतो तोवर ठीक. पण 2021 च्या सुरुवातीला आलेल्या क्रोम ब्राउझरच्या 88 व्या आवृत्तीपासून, टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ मागे राहिला आणि त्यात आवाज वगैरे चालू नसला, की त्यातले टायमर मिनिटाला एकदाच जागे होतात. हिशोब करून बघा. पहिल्या पाच मिनिटांत 300 सेकंद वजा, पुढच्या वीस मिनिटांत फक्त 20. पंचवीस मिनिटांनी टॅब उघडावा तर घड्याळ म्हणतंय, अजून 19 मिनिटं 40 सेकंद बाकी! डेव्हलपर हा टॅब मागेच ठेवणार, कारण तो कोड लिहिणार एडिटरमध्ये. म्हणून आम्ही मोजणंच सोडलं. संपण्याची वेळ साठवायची आणि दर वेळी घड्याळातून वजाबाकी करायची. तरी घंटा मिनिटभर उशिरा वाजू शकते, म्हणून ती सर्व्हरकडे दिली. ओळी खरंच दहाच्या आसपास आहेत, काका. रात्र गेली ती कुठल्या दहा, हे ठरवण्यात. (परीक्षकांनी मात्र ‘यात एआय कुठंय?’ एवढंच विचारलं.)

फाउंड्रीचं म्हणाल, तर तिथं महिनाभर उभं राहून काम बघितल्याशिवाय त्यांच्यासाठी काही बनवायला मी धजावणार नाही. डेव्हलपरचा दिवस कसा फाटतो ते मला रोज दिसतं. इथं घरी बसून पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांची कामं करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत.

आणि बेळगावचं यात काहीच नाही, असंही नाही. आमच्या नोंदी मराठीत, मधेच सहकाऱ्यानं पाठवलेलं कन्नड, कोड इंग्रजीत. शोध सुरू केला तेव्हा ‘दुसऱ्या’ टाइप केलं तर निम्म्या नोंदी गायब. त्यातला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत) दोन तऱ्हांनी साठवला जातो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक. दिसायला सारखंच, संगणकाला वेगळं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) हे दोन्ही एक करत नाही. साठवताना आणि शोधताना आपणच दुसरं रूप पहिल्यात बदलायचं. तेवढा तुकडा वेगळी फाइल म्हणून ठेवलाय. एक प्रोग्रॅम, एक काम. तुमच्या जुन्या नोंदींवर चालवून बघा आणि कुठलं अक्षर सुटलं तर कळवा.