३ डॉलर म्हणजे २५५ रुपये नव्हेत

गरिबीवरच्या एका लेखात लेखकाने जागतिक बँकेच्या रोजच्या ३ डॉलरच्या दारिद्र्यरेषेला, डॉलरचा भाव धरून, सरळ ८५ ने गुणलं आणि २५५ रुपयांची रेषा काढली. इथेच घोळ झाला. ही रेषा २०२१ च्या क्रयशक्तीवर, म्हणजे त्या पैशात त्या-त्या देशात किती माल येतो त्यावर ठरते, बाजारातल्या डॉलरच्या भावावर नाही. त्या हिशेबाने आपल्याकडे ती २०२१ च्या किमतींत माणशी साधारण साठेक रुपये पडते. माणशी बरं का, कमावत्यामागे नाही.

दुसरी गोष्ट लेखात आलीच नाही. गरीब कोण हे ठरवताना भारतात खर्च मोजतात, लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांत मिळकत. मग ब्राझील आणि भारत एका तक्त्यात कसे बसवायचे? आमच्या दिंडोरीच्या बागेत पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षं उतरेपर्यंत मजुरीला असतात. तेव्हा हातात पैसा असतो. पावसाळ्यात गावी भाताच्या लावणीनंतर हात रिकामे, मग पुढच्या हंगामाची उचल घेऊन किराणा भरतात. खर्चाच्या पाहणीत तो किराणा चक्क ‘खर्च’ म्हणून लागतो, माणूस रेषेच्या वर दिसतो. डोक्यावरची उचल कुठल्याच रकान्यात नसते. मिळकत विचारली असती तर त्याच महिन्यात शून्य आलं असतं.