आखाजीला गावी येताय ना, मग एवढं कराच

कोकणातलं बुकिंग मिळालं नाही म्हणून तुम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात आलात, ही गोष्ट अजिबात लपवू नका. गाडीतून उतरल्या उतरल्या, चूळ भरायच्या आत सांगून टाका. 'गुहागरला जाणार होतो, सगळं फुल्ल. मग म्हटलं चला, गावीच जाऊ.' यजमानाला बरं वाटतं. आपण कुणाच्या यादीत दुसऱ्या नंबरावर आहोत हे कळलं की पाहुणचाराला हुरूप येतो.

समुद्र हुकला म्हणून हळहळू मात्र नका. आमचं गाव तापीकाठी आहे, अमळनेर आणि चोपड्याच्या मधे. मुलताईहून निघालेली ही बाई ७२४ किलोमीटर चालून सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. म्हणजे हिशेबानं आम्हीही समुद्रकाठचेच, जरा आतल्या बाजूला. वैशाखात पात्रात पाणी कमी आणि वाळूचे ट्रॅक्टर जास्त असतात, पण फोटो असा काढा की ट्रॅक्टर येणार नाही. वेफर्सची पाकिटं तिथेच टाकलीत तरी चालेल, पूर आला की जातात सुरतेकडे. पाणी पुढे वाढणारच आहे. पाडळसऱ्याचं धरण गेल्या शतकातच मंजूर झालंय, उगाच घाई कशाला?

येण्याचा फोन आदल्या संध्याकाळी करावा. त्याआधी केला तर वहिनी तयारी करून ठेवतात आणि मग त्यांची धांदल बघण्याची मजा जाते. फोनवर एक वाक्य न विसरता म्हणा, 'आमच्यासाठी काही विशेष करू नका हं, साधेच मांडे करा.'

साधेच मांडे म्हणजे काय ते सांगतो, कारण तुम्ही कायम ताटाच्या बाजूनंच पाहिलेत. गहू ओलवून ठेवायचे, दळून आणायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं. पुरण शिजवून वाटायचं. अंगणात चूल मांडून तीवर मातीचं खापर उपडं घालायचं. मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत, कोपरापर्यंत वाढवत न्यायचा आणि फाटायच्या आत खापरावर टाकायचा. वर चव्वेचाळीस अंशांचं ऊन, खाली चूल. या वेळी तुम्ही मोबाइल घेऊन चुलीसमोर उकिडवे बसा. मांडा हातावर पुरता पसरला की म्हणा, 'वहिनी, एक मिनिट, परत फिरवा ना, व्हिडिओ नीट नाही आला.'

गेल्या आखाजीला आमच्या घरी हे अस्संच झालं. हिनं परत फिरवला. मांडा मधोमध फाटला आणि पुरण निखाऱ्यावर पडलं. घरभर जळक्या गुळाचा वास. पाहुणे हळहळले, 'आमची आजी करायची तेव्हा एकही फाटत नव्हता.' ही काही बोलली नाही. मनगटावर चटका बसला होता तिथे गार पिठाचा हात दाबला आणि पुढचा गोळा घेतला. मी त्या वेळी कुठे होतो म्हणाल, तर ओट्यावर पत्ते पिसत होतो. आखाजीला पत्ते खेळायची आमच्याकडे परंपरा आहे आणि परंपरा कुणीतरी जपायला हवी.

परंपरेवरून आठवलं. आखाजी हा मुळात माहेरवाशिणींचा सण. लेकींनी माहेरी यायचं, गौराई बसवायची, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून सासरची उणीदुणी गाण्यांतून काढायची आणि चार दिवस कामाला हात लावायचा नाही. हे तुम्हाला फार आवडतं. तुमच्या बायकोला आणि बहिणीला झोक्यावर बसवून तुम्ही फोटो काढता. ज्या घरात चार माहेरवाशिणी येतात, तिथल्या सुनेचंही कुठेतरी माहेर असतं हा प्रश्न विचारून मात्र रंगाचा बेरंग करू नये. आमच्या हिचं माहेर शिरपूरकडे. पिशवी भरलेली असते. दरवर्षी आदल्या संध्याकाळी फोन येतो आणि पिशवीतली साडी परत कपाटात जाते.

त्याच दिवशी पितरांची घागरही भरायची असते. मातीची घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, मग आगारी, म्हणजे पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास. गेलेल्या माणसांना आधी वाढायचं, मग जित्यांनी जेवायचं. तुमच्या लेकरानं तेवढ्यात डांगराची फोड मागितली तर 'दे गं, लहान आहे' असं जोरात म्हणा. पितर समजून घेतात, पाहुणे घेत नाहीत हे त्यांनाही माहीत आहे. लेकराला तिखट चालत नाही हे शेवभाजीचा रस्सा ताटात पडल्यावर सांगा, आधी नको.

पाण्याचं म्हणाल, तर आमच्याकडे नळ पाच दिवसांनी येतो आणि येतो तो पहाटे तीनला. कूलर मात्र रोज पाणी पितो. तो रात्रभर फुल्ल ठेवा, सकाळी शॉवर नाही म्हणून हसा आणि नंतर तीन बादल्या ओतून घ्या. पहाटे भांड्यांचा आवाज झाला तर कूस बदलत 'गावाकडे लोक किती लवकर उठतात!' असं म्हणायला विसरू नका.

दुपारी जेवण झालं की शेतीवर बोला. तुमचा हिस्सा बटाईनं आम्हीच करतो, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. कापसाला भाव नाही म्हटलं की 'ब्रँडिंग करा' म्हणा. केळीला नाही म्हटलं की 'प्रोसेसिंग करा' म्हणा. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे आम्हाला मोबाइलवर दाखवा. मग काठाकडे बोट करून 'इथे होमस्टे काढा, कोकणात बघा कसं करतात!' आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल संपतं, जुना हिशेब मिटतो, नवा ठरतो. सालदार ओसरीवर हिशेबाला बसलेला असेल, तेव्हाच सातबाऱ्याचा विषय काढा आणि एकरी दर काय चाललाय ते सहज विचारल्यासारखं विचारा. जमीन विकायची नसते तुमची, माहीत आहे. फक्त कानावर असावं.

पाहुण्यांना आम्ही नवखे नाही, एवढंच सांगायचंय. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. पंडित नेहरू अध्यक्ष. नंदलाल बोस यांनी बांबूचं अख्खं नगर उभारलं. म्हणजे त्या पाहुण्यांनी स्वतःचा मांडव स्वतः घातला. मांडे परत फिरवायला लावल्याचं तर कुठे वाचनात नाही.

आता खरं बोलतो, पत्ते टाकून. दोन वर्षांपूर्वी आम्हीही दापोलीकडे गेलो होतो, हर्णैजवळ, जूनच्या पहिल्या आठवड्यात. घरगुती सोय होती. जूनमध्ये समुद्रातली मासेमारी बंद असते, तरी मी काकूंना रोज ताजी सुरमई मागितली. तिसऱ्या दिवशी 'आमच्याकडची शेवभाजी येते का हो तुम्हाला?' असं विचारलं. बाहेर पाऊस धो धो, त्यांचा गडी आलेला नव्हता, अंगणात नारळाची झावळी पडली होती. काकू 'बघते हं' म्हणून हसल्या. ते हसू ओळखीचं वाटलं, कुठे पाहिलंय ते तेव्हा आठवेना.

तर निघताना गाडीची काच अर्धी खाली घ्या. मागच्या सीटवर पापड, बिबडे, कळण्याचं पीठ आणि उरलेले मांडे नीट बसलेत ना पाहा. मग म्हणा, 'वहिनी, आता तुम्ही यायचं हं पुण्याला!' कधी ते सांगू नये. आम्हीही 'राहिले असते ना अजून दोन दिवस' म्हणू. तेही खरं मानू नये.

यंदा पाहुणे गेल्यावर चौथ्या दिवशी ही एकदाची माहेरी गेली. संध्याकाळी फोन आला. मागे चुलीचा तडतडाट आणि बायकांचा गलका. म्हटलं, पोचलीस का नीट?

'पोचले,' म्हणाली. 'थांबा, ठेवते. वहिनीला मांडे करायला सांगितलेत, व्हिडिओ काढतेय.'