लायसन्स आहेत, पण मोकळी नाहीत!

आमच्या सीआरएमची (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) खाती मी सांभाळते, आणि नवीन माणूस रुजू झाला की दर वेळी तेच! प्रोफाइल दिलं, परमिशन दिल्या, तरी दुपारी फोन येतोच, "मॅडम, कॅम्पेन बनवायचं बटणच दिसत नाहीये." कारण आमच्या सीआरएममध्ये युजर लायसन्स (आत शिरायचा परवाना) वेगळं आणि फीचर लायसन्स (एखादी जादा सोय वापरायचा परवाना) वेगळं. युजरच्या पानावर 'मार्केटिंग युजर'ची टिक नसेल तर नुसत्या परमिशन देऊन भागत नाही. आणि हे स्क्रीन सांगतही नाही, बटण सरळ गायब!

त्यात सोडून गेलेले लोक. एचआरचा मेल वेळेवर येत नाही. खातं डीॲक्टिव्हेट (पूर्ण बंद) करायला जावं तर तोच डिफॉल्ट लीड ओनर निघतो, म्हणजे नवीन चौकशा आपोआप ज्याच्या नावावर जातात तो, आणि सिस्टम खातं बंदच करू देत नाही; मग घाईघाईत कोणीतरी ते नुसतं फ्रीझ करून ठेवतं. अहो, फ्रीझ केल्याने लॉगिन बंद होतं, लायसन्स मोकळं होत नाही! गेलेला माणूस जागा अडवून बसलाय, नवीन आलेली मुलगी कामाविना बसलीये, आणि साहेब मला विचारतात, "अजून लायसन्स कशाला विकत घ्यायची?"

घ्यायची नाहीयेतच हो! कोण सोडून चाललंय ते मला आधी कळवा, एवढंच मागतेय.