सरप्राइज द्यावं तर बँकॉकचं

लग्नाला चौदा वर्षं झाली की नवरा-बायकोत एकमेकांपासून लपलेलं काही उरत नाही. उरलंच तर ते पगारवाढीचं पत्र असतं. अशा वेळी संसारात पुन्हा जरा गूढ आणायचं असेल, तर सुज्ञ नवऱ्याने बायकोला न सांगता परदेशात न्यावं. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, सोमवारी पहाटे घरात. सोबत मित्रांची तीन जोडपी घ्यावीत, म्हणजे पुढे वाद झालाच तर साक्षीदार हाताशी राहतात. मी हे नुकतंच करून आलोय, त्यामुळे चार गोष्टी अधिकाराने सांगतो.

शहर बँकॉकच निवडा. मुंबईहून विमानाला चार-साडेचार तास लागतात. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्याला एवढ्या वेळेचं काही वाटत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने आपल्या लोकांसाठी व्हिसाची अट काढली. लोक म्हणतात पर्यटन वाढवायला काढली. माझ्या मते ती निव्वळ नवऱ्यांच्या सोयीसाठी काढली. व्हिसा लागला असता तर बायकोचा फोटो, सही, बँकेचे कागद मागावे लागले असते आणि सरप्राइज दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी फुटलं असतं.

ऑफिसात रजेचं कारण सांगाल तेव्हा एक जण हमखास विचारेल, ‘बँकॉकला? आणि बायकोला घेऊन?’ मग तो डबा घेऊन हॉटेलात जाण्याचा जुना विनोद सांगेल. हसू नका. हा विनोद सांगणारा माणूस स्वतः कधी वाशीच्या पुढे गेलेला नसतो.

पहिलं काम, सातजणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढा. त्याला ‘सोसायटी पार्किंग’ असं नाव द्या. आम्ही तेच दिलं. दीड महिना माझा फोन टेबलावर उघडा पडलेला असायचा, त्यावर ‘पार्किंग’चे दिवसाला साठ-साठ मेसेज येत होते आणि तिने एकदाही डोकावून पाहिलं नाही. तुम्ही तरी पाहिलं असतं का? आठातल्या सातजणांना सगळं ठाऊक आणि एकीला काहीच नाही, याला घरात सरप्राइज म्हणतात. ऑफिसात हेच झालं की राजकारण म्हणतात.

मग तिकिटं. तिकिटं काढण्याआधी बायकोचा पासपोर्ट उघडून बघा, असं कोणी सांगेल. मी आधी तिकिटं काढली. मग कपाटातल्या लॉकरमधून, सोन्याच्या डब्याखालून, पासपोर्ट काढला तर आत भलतीच बाई. म्हणजे चेहरा ओळखीचा, आडनाव माहेरचं. तिने लग्नानंतर नाव बदललंच नव्हतं आणि हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि फॉर्म भरताना आठवणं वेगळं. विमान कंपनीने नावदुरुस्तीचे जे पैसे लावले, तेवढ्यात आम्ही आठही जण खरोखरच लोणावळ्याला जाऊन आलो असतो.

तरी खरी परीक्षा पुढेच. १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्याला विमानात बसायच्या आधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, आणि तेही पोचण्याआधीच्या तीन दिवसांतच. मी ते बुधवारी रात्री बाथरूममध्ये नळ सोडून भरत होतो. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सगळं झकास. पुढचा रकाना, व्यवसाय. माझं बोट थांबलं. ती एका कंपनीत आहे. मोठ्या हुद्द्यावर आहे. तिच्या हाताखाली माणसं आहेत. त्यांतल्या एकाचं लग्न मोडलं होतं हेसुद्धा मला ठाऊक आहे. पण ती नेमकं करते काय? शेवटी ‘पार्किंग’वर विचारलं. मित्राच्या बायकोने दोन मिनिटांत उत्तर दिलं आणि खाली एक हसरा चेहरा टाकला. तो चेहरा मला पुरेसा हसरा वाटला नाही.

आता थाप. थाप जवळची मारा. मी लोणावळा सांगितलं. जानेवारी आहे, आठजण आहोत, टेम्पो ट्रॅव्हलर केली आहे, मुलगा दोन दिवस आजीकडे राहील. तिला लगेच पटलं. तिने लोणावळ्याची बॅग भरली: स्वेटर, शाल, पायमोजे, कानटोपी, आल्याच्या वड्या. तिची बँकॉकची बॅग तुम्ही स्वतः गुपचूप भरायची असते. मी भरली. कपाटातून हाताला लागतील तसे हलके, सुती कपडे उचलले. तिथे गेल्यावर कळलं की मी तीन सलवारी, दोन ओढण्या आणि बाळंतपणाआधीचा एक कुर्ता आणला होता. तीन सलवारींतल्या एकीचाही कुर्ता सोबत नव्हता.

निघायच्या वेळी ती ओट्यापाशी उभी होती. भिजलेली मटकी उपसून ओल्या फडक्यात बांधत होती. ‘थंडीत मोड यायला दोन दिवस लागतात,’ म्हणाली. ‘रविवारी रात्री आल्यावर उसळ टाकते, सोमवारी डब्याला होईल.’ मी ‘वा’ म्हटलं आणि पाणी प्यायलो.

एक्स्प्रेसवेवर आनंद सुरू होतो. लोणावळ्याचा फाटा मागे पडला तेव्हा ती ड्रायव्हरला म्हणाली, ‘अहो दादा, एक्झिट गेला.’ दादांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी आरशात पाहून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. घाट उतरला. ‘माथेरान का?’ कोणी बोलेना. पनवेल आलं. ‘अलिबाग?’ मागच्या सीटवर कोणीतरी फुसकन हसलं. वाशीच्या पुलावर मात्र तिचा आवाज बदलला. ‘कोणाला काही झालंय का? मला सांगत नाही आहात का?’ इथे नवशिका नवरा कच खातो आणि सांगून टाकतो. तुम्ही खाऊ नका. अजून तासभराचा प्रवास आहे, एवढ्यासाठी दीड महिना बाथरूममध्ये फॉर्म भरलेले नसतात.

विमानतळाच्या दारात पासपोर्ट तिच्या हातात ठेवायचा आणि एकाने मोबाइलवर शूटिंग करायचं. शूटिंग हवंच, त्याशिवाय तिला आनंद झाला हे तिला नंतर कसं कळणार? आमच्या व्हिडिओत सातजण ‘सरप्राइज!’ असं ओरडतात, आजूबाजूचे हमाल दचकतात आणि मग अकरा सेकंद काहीच होत नाही. मी मोजली आहेत. बाराव्या सेकंदाला ती विचारते, ‘लॉकर पुन्हा नीट बंद केलास का?’ व्हिडिओ ‘पार्किंग’वर टाकताना आम्ही तिथे गाणं लावून घेतलं.

बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे आधीच न झालेल्या झोपेतला आणखी दीड तास कापला जातो. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. शहराला तिथले लोक बँकॉक म्हणतच नाहीत, क्रुंग थेप म्हणतात, आणि पूर्ण नाव एवढं लांब की रोमन लिपीत १६८ अक्षरं होतात. त्यात इंद्र आहे, अयोध्या आहे, विश्वकर्माही आहे. हे सगळं तिने टॅक्सीत फोनवर वाचून दाखवलं. मी मनात म्हटलं, रुळतेय. मग ती म्हणाली, ‘सोमवारी साडेनऊला माझी ऑडिटवाल्यांबरोबर मीटिंग आहे, हे तुला माहीत होतं ना?’ हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार होती. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

पाच तास हाताशी असले की माणसं राजवाडा बघतात. ग्रँड पॅलेस १७८२ मध्ये बांधायला घेतला. परदेशी माणसाला तिकीट ५०० बाट. बाटचा भाव पावणेतीन रुपयांच्या आसपास होता, म्हणून आम्ही सगळीकडे अडीचने गुणत होतो. सुट्टीत मन मोठं ठेवावं. आत गुडघे उघडे चालत नाहीत. आमचा एक मित्र हाफ पँटवर आला होता, त्याला बाहेरच्या दुकानातून हत्तींची नक्षी असलेली ढगळ पँट घ्यावी लागली. आमच्या हिने जवळ जाऊन कापड चिमटीत धरून पाहिलं, आपल्या अंगावरच्या लोकरी कुर्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तसल्या दोन पँटी घेतल्या. पुढचे दोन दिवस ती हत्तींमध्येच होती.

तिथल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय. त्यांचं रामकियेन, १७८ चित्रं. गाइड मोठ्या कौतुकाने सांगत होता, आमचा हनुमान भारी रसिक. सेतू बांधताना रावणाच्या मुलीच्या, सुवर्णमत्स्येच्या प्रेमात पडला, त्यांना मुलगाही झाला. त्या दिवशी शनिवार होता. दर शनिवारी न चुकता जिलब्या मारुतीला जाणारा आमचा मित्र हत्तींच्या पँटमध्ये तसाच उभा राहिला. जरा वेळाने म्हणाला, ‘आपल्याकडे मकरध्वजाचं घामाच्या थेंबावर भागवलंय रे.’ तेवढ्या दोन मिनिटांत ती खळखळून हसली. त्या हसण्याचा व्हिडिओ कोणीच काढला नाही.

त्याच मित्राचा शनिवारचा उपास. टॅपिओका जगात सगळ्यात जास्त निर्यात करणारा देश थायलंड, आणि आपला साबुदाणा त्याच कंदाचा. तरी अख्ख्या बँकॉकात साबुदाण्याची खिचडी नाही. भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात. तो दिवसभर शहाळ्यांवर राहिला आणि संध्याकाळी वाट फोमधल्या ४६ मीटर लांब आडव्या बुद्धाकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, ती भक्ती नव्हती. आम्हा सगळ्यांनाच तिथे आडवं व्हायचं होतं.

रविवारी चतुचक बाजार. फक्त शनिवार-रविवारी पूर्ण भरतो, पंधरा हजारांच्या घरात गाळे. तुळशीबागेला कोणीतरी खत घातल्यासारखा. ती करवंटीतलं नारळाचं आइस्क्रीम खात होती, ऊन ३३ अंश. तेवढ्यात तिच्या आईचा फोन. (तिच्या आईला आम्ही सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांना सांगितलं तर सरप्राइज कसलं?) पोराला खोकला झाला होता, रात्री अंग थोडं गरम होतं. ‘तुमच्याकडे गारठा आहे का गं?’ असं त्यांनी विचारलं असावं, कारण ही म्हणाली, ‘हो, आहे थोडा.’ मागे स्पीकरवर थाई भाषेत कसलीशी घोषणा सुरू झाली. ‘कोणी नाही गं, टुरिस्ट आहेत.’ फोन ठेवून तिने आइस्क्रीम माझ्या हातात दिलं.

‘लोणावळ्याहून दीड तासात घरी येता येतं,’ ती म्हणाली, ‘म्हणून मी हो म्हटलं होतं.’

यावर काय बोलायचं ते मी तुम्हाला सांगितलं असतं, पण मला सुचलं नाही. मी आइस्क्रीम संपवलं.

परतताना सुवर्णभूमीवर समुद्रमंथनाचा भव्य देखावा लागतो. एका बाजूला देव, एका बाजूला असुर, मध्ये वासुकी. हिशेब त्याच्यासमोरच उरका, वातावरण तयार असतं. आमच्यात चारजण बिल या टोकाने ओढत होते, तीनजण त्या टोकाने. शहाळी उपासाची म्हणून वेगळी धरायची की सामायिक? नावदुरुस्तीचे पैसे सगळ्यांत वाटायचे का? वाटायचे नाहीत, असं सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते म्हणजे मी सोडून. आठवी व्यक्ती बाकावर पाय वर घेऊन बसली होती आणि फोनवरून ऑडिटच्या फाइली मागवत होती. एकूण बत्तीस-तेहतीस तास आम्ही त्या शहरात होतो.

घरी पोचलो तेव्हा सोमवारचे पाच वाजत आले होते. पुण्यात कडाक्याची थंडी. दार उघडताच स्वयंपाकघरातून आंबूस वास आला. तिने दिवा लावला, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि तसंच खाली ठेवलं. मग बॅगेतून स्वेटर काढला, प्रवासात पहिल्यांदाच तो हत्तींच्या पँटवर चढवला, लॉकर ओढून पाहिला आणि लॅपटॉप उघडून बसली. ‘पार्किंग’वर तेवढ्यात मेसेज आला होता, ‘पुढच्या वेळी बाकू?’

मी पातेलं बघायला गेलो. मोडांना चांगल्या बोटभर शेपट्या फुटल्या होत्या आणि त्या फडक्याच्या विणीतून आरपार बाहेर आल्या होत्या. हे मोड ओढून निघत नाहीत, तुटून आतच राहतात. फडकं उलटं करून एकेक सोडवावा लागतो. पाऊण तास जातो. प्लॅनिंग करताना तोही धरा.