चिवट ब्रिस्केट बहुधा जास्त नव्हे, कमी शिजलेलं असतं

टेक्सास पद्धतीच्या, म्हणजे मंद धगीवर धुरात तासन्‌तास शिजवलेल्या ब्रिस्केटबद्दल एक सल्ला सर्रास दिला जातो: चरबी कापू नका, ती वितळून मांसात मुरते, तापमान ७० अंशांवर अडकलं तर आग वाढवा, चिवट झालं तर पुढच्या वेळी लवकर उतरवा. तिन्ही गोष्टी चूक आहेत. शेवटची तर पाच-सहा किलोचा महागडा तुकडा वाया घालवणारी, म्हणून आधी ती.

ब्रिस्केट म्हणजे गोवंशाच्या जनावराच्या छातीचं मांस. या जनावरांना कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या अंगाचा बराचसा भार हेच स्नायू पेलतात आणि त्यांच्यात कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, ठासून भरलेलं असतं. ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे नीट विरघळू लागतं, आणि त्याला तास लागतात. पायाचा रस्सा गार झाल्यावर थिजतो तो ज्या जिलेटिनमुळे, तेच इथे तयार व्हायचं असतं. मात्र ७५ अंशांपर्यंत मांसाच्या तंतूंनी आकसून आपलं पाणी सोडलेलं असतं. त्या टप्प्यावर उतरवलं तर पाणीही गेलं आणि जिलेटिनही नाही. म्हणूनच ते कोरडं आणि चिवट, दोन्ही लागतं. ९० अंशांपासून सळई टोचून पाहायला लागा. फ्लॅटच्या, म्हणजे चपट्या भागाच्या, जाड जागी ती लोण्यात गेल्यासारखी गेली की झालं. बहुधा हे ९३ ते ९६च्या आसपास घडतं. खरोखर जास्त शिजलेलं ब्रिस्केट ताणावं लागत नाही, सुरी लावताच त्याचा भुगा होतो.

आता अडकलेलं तापमान. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान काटा कधी कधी तासन्‌तास हलत नाही. यात आगीचा दोष नाही. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं, तेच इथे घडतं: पृष्ठभागावरचं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. भट्टी ११० ते १३० अंशांवर स्थिर असेल तर तशीच राहू द्या. धग एकदम वाढवली की फ्लॅटचं पातळ टोक वाळून जातं. घाई असेल तर वरची काळी खपली नखाने निघेनाशी झाल्यावर मांस बुचर पेपरमध्ये, म्हणजे मांस गुंडाळायच्या जाड कागदात, गुंडाळा. फॉइलमध्ये अजून लवकर होतं, पण खपली मऊ पडते.

चरबी मांसात मुरत नाही. स्नायूत तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. वितळलेली चरबी बाहेरून ओघळते आणि जाताना मीठ-मिरीही धुऊन नेते. तुकडा फ्रिजमधून काढल्या काढल्या, गार असतानाच, वरचा थर सुमारे ६ मिलिमीटर ठेवून बाकीचा कापा. फ्लॅट आणि पॉइंटच्या, म्हणजे जाड, चरबीदार भागाच्या, मधली कडक चरबी नीट वितळत नाही, ती कोरून काढा.

उतरवल्यावर आतलं तापमान ६०-६५ अंशांवर येईपर्यंत कापू नका. कापताना मांसाच्या तंतूंच्या रेषांना आडवं कापा. पॉइंटच्या रेषा वेगळ्या दिशेने जातात, तिथे तुकडा फिरवून घ्या.